मॅडमची तबकडी

जिची थिअरी मी खोटी पाडली, ती बाई मला आईच्या खालोखाल आवडायची.

डॉ. नसीम बागवान. माझ्या पीएचडीच्या गाईड. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

मॅडम पक्क्या पुणेकर. वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा, आता तो धाकटे भाऊ सलीमभाई चालवतात. मॅडमचं बोलणं असं, की सदाशिव पेठेनेही गप्प बसावं.

पहिल्या दिवशी मी दारातून डोकं आत घालून विचारलं, "येऊ का?"

"अर्धी आलीच आहेस. उरलेली पण ये."

विषय होता सक्रिय दीर्घिका. म्हणजे अशा गॅलक्सीज, ज्यांच्या मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरते आणि तिच्या बाहेर, बऱ्याच लांब, धूळ असते. ती धूळही तापून उजळते, पण तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतो.

तरुणपणी मॅडमनी अशाच एका गॅलक्सीवर पेपर लिहिला होता. म्हणणं असं, की हिचा इन्फ्रारेड उजेड धुळीचा नाहीच, थेट तबकडीचा आहे.

त्या पेपरने त्यांचं नाव झालं.

मला त्यांनी नेमकी तीच गॅलक्सी दिली. "तपासून बघ," म्हणाल्या.

युक्ती साधी होती. गॅलक्सीचा मधला भाग अधूनमधून जास्त उजळतो. इन्फ्रारेड तबकडीचा असेल, तर तोही जवळजवळ लगेच वाढणार. धुळीचा असेल, तर उशिरा, कारण उजेडाला धुळीपर्यंत पोचायलाच महिने लागतात.

पावसाळे सोडून मी वर्षानुवर्षं डेटा घेतला.

उशिरा वाढला.

दर वेळी उशिराच.

"तुझं कॅलिब्रेशन गंडलंय," मॅडम म्हणाल्या. पुन्हा केलं. तेच.

"तुलनेचे तारे बदल." बदलले. तेच.

मग त्या बोलेनाशाच झाल्या. माझ्या लांबलचक ईमेलला एका शब्दाचं उत्तर यायचं. "पाहिलं."

मी हादरले होते. थिसिस त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकणार नव्हता. त्यातच हिंजवडीतल्या एका कंपनीची ऑफर आली. बाबा म्हणाले, "घेऊन टाक. आकाश कुठे पळून चाललंय?"

मी हो म्हणायचं ठरवलंच होतं.

त्याच आठवड्यात वहिनीच्या डोहाळजेवणाची फळं आणायला आई मला मार्केट यार्डात घेऊन गेली. अर्थात सलीमभाईंच्याच गाळ्यावर.

"काय केतकीताई, आपा बोलत नाही म्हणे तुमच्याशी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, घरी दुसरा विषय आहे का? जेवायला बसलं की तुमची ती धूळ. काल म्हणाली, पोरीचं बरोबर आहे, सलीम. मला पटत नाहीये, एवढंच."

आई पेरू दाबून बघत होती. मी तिथेच एका रिकाम्या क्रेटवर बसले.

"थांबा थोडं," सलीमभाई म्हणाले. "आपाला वेळ लागतो. पण खोटं नाही बोलायची."

मी ऑफर सोडली. (बाबांना अजून पटलेलं नाही.)

पुढच्याच महिन्यात मॅडमचा सेमिनार होता. हॉल भरलेला. पहिल्या स्लाइडवर त्यांचा तोच जुना, गाजलेला पेपर.

"हा पेपर माझा," त्या म्हणाल्या. "यातला निष्कर्ष चुकीचा आहे. कसा चुकीचा आहे, ते आता केतकी जोशी सांगतील. मी पुढच्या रांगेत बसते."

सांगतील!

मला आजवर 'तू'शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं त्यांनी. मी लॅपटॉप उचलला आणि स्टेजवर चढले.

शेवटी बाहेरून आलेल्या एका सरांनी त्यांना विचारलं, "मॅडम, वाईट नाही वाटत?"

"वाटलं ना. चांगलं महिनाभर वाटलं. आता भूक लागलीय."

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. मॅडम जणू दहा वर्षांनी लहान झाल्या.

"तबकडीचाही इन्फ्रारेड आहेच गं," म्हणायच्या. "धूळ इतकी झगमगते की तो झाकला जातो. धूळ बाजूला कशी काढायची ते बोल."

मार्ग त्यांनीच काढला. तबकडीचा थोडा उजेड आसपासच्या वायूवरून विखरून आपल्याकडे येतो, तेव्हा त्याची कंपनं एका ठराविक दिशेला जास्त असतात. धुळीच्या स्वतःच्या उजेडाचं तसं नसतं. तेवढाच विखुरलेला भाग वेगळा काढला, की धूळ आपोआप गळते.

सांगायला सोपं. करायला कित्येक वर्षं गेली. मॅडम रिटायर झाल्या, तरी रोज यायच्या. मी नोकरीला लागले, तरी आम्ही भांडायचो रोज. इतकं सुखाचं भांडण मी दुसऱ्या कोणाशी केलेलं नाही.

मग त्या आजारी पडल्या.

शेवटचं भेटले ती रविवारची सकाळ. कोंढव्यातल्या त्यांच्या फ्लॅटवर मी लॅपटॉप घेऊन गेले. एका क्वेसारचा, म्हणजे फारच प्रखर सक्रिय दीर्घिकेचा, ग्राफ होता. धूळ काढून टाकल्यावर उरलेली रेघ निळ्या बाजूला चढत गेली होती, तबकडीची जशी असायला हवी अगदी तशी.

मॅडमनी लॅपटॉप जवळ ओढला.

"अक्षरं बारीक आहेत."

मी मोठी केली.

"या टोकाच्या पॉइंटची एरर बार केवढी मोठी!"

"हो मॅडम. अनिश्चितता आहे तेवढी दाखवलीय."

"शहाणी."

मग हळूच म्हणाल्या, "दिसतेय गं. दिसतेय."

सलीमभाईंनी चहा आणला. बरेच दिवस मॅडमना काही जात नव्हतं म्हणे, पण त्या दिवशी अख्खा कप प्यायल्या.

निघताना मी म्हटलं, "मॅडम, पेपरवर पहिलं नाव तुमचं टाकतेय."

"म्हणजे चुकलं तर लोक मलाच धरणार?"

"हो."

"टाक. सवय आहे."

पेपर छापून आलाय. पहिलं नाव त्यांचंच आहे.

मॅडम, अजून तरी कोणाला चूक सापडलेली नाही. आराम करा.

खूप प्रेम, आणि मनापासून आदरांजली.