माझ्या बोटांना जमलेली लिपी

मधुमेहानं माझी नजर नेली तेव्हा मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आयटीत नोकरी करत होते. आधी ड्रायव्हिंग सुटलं, मग नोकरी. घरी येऊन शिकवणाऱ्या एका इंग्रज बाईंकडे ब्रेल सुरू केलं, पण त्याच आजारानं बोटांची टोकंही बधिर केली होती. ठिपके वेगळे कळायचेच नाहीत, नुसतं खरखरीत लागायचं.

"हे मला जमणार नाही," मी एक दिवस स्पष्ट सांगितलं. "दुसरं काही असेल तर आणा."

पुढच्या खेपेला त्यांनी एक जाडजूड जुनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. त्यात ठिपके नव्हते, ठसठशीत उठावाच्या रेघा होत्या.

"एकोणिसाव्या शतकातल्या एका शिक्षकाची ही लिपी," त्या म्हणाल्या. "ऐन तारुण्यात त्याचे डोळे गेले. मग तो अंध मुलांना शिकवायला लागला. तेव्हाच्या लिप्या काही मुलांना जमेनात, म्हणून त्यानं स्वतःच सोपी अक्षरं तयार केली."

मुलांना दोष न देता अक्षरं बदलणारा मास्तर मला तिथेच आवडला.

पहिलं अक्षर चाचपलं. मधली आडवी रेघ नसलेला A! पुढचा L तर जसाच्या तसा. ओळ संपली तशी एका कंसानं बोट खालच्या ओळीवर नेलं, आणि ती ओळ उजवीकडून डावीकडे निघाली.

"अहो, ऐकलंत का? हे तर शेत नांगरल्यासारखं आहे!" मी नवऱ्याला हाक मारली.

महिन्याभरात मी स्वयंपाकघराकडे वळले.

"डब्यांना अक्षरं मी चिकटवतो," हे म्हणाले.

"तुम्ही नाही. मीच."

हळदीला H दिला. हिंगालाही H आला.

"आता?" यांनी विचारलं.

"हिंगाला वास पुरे!"

त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीचं निवेदन मी मागून घेतलं. लिहिण्याच्या चौकटीत, दाबलं की रेघ उठून येणारा प्लास्टिकचा कागद लावून मराठी वाक्यं त्याच अक्षरांत स्वतः लिहिली. मध्येच ओळ चुकली.

"थांबा हं, बोट घसरलं," मी माइकवरच म्हणाले. लोक हसले, मीही हसले. ओळ सापडली आणि मी पुढच्या गायिकेचं नाव खणखणीत आवाजात वाचलं.