मंगलीनं न घेतलेलं नाव

चिचगडच्या पुढं डांबरी सडक संपून मुरमाची लागते, तिथल्या जंगलातल्या गावात मंगली सलामे राहते. वय विचाराल तर पन्नासही सांगेल आणि साठही, तिच्या मनावर आहे. धानाची दोन एकर बांधी, चार शेळ्या, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, एवढाच तिचा पसारा. पण आसपासची बारा गावं तिला ओळखतात ती वेगळ्याच कामासाठी. मंगली मयताला गाते.

तिचं गाणं म्हणजे नुसतं गळा काढणं नव्हे. मयत आंगणात ठेवलं की ती उशाशी बसते आणि गेलेल्या माणसाची एकेक गोष्ट काढते. त्याची काठी, त्याचा बैल, त्यानं लावलेलं झाड, त्याचं न मिटलेलं भांडणसुद्धा. प्रत्येक गोष्टीनंतर बाया विचारतात, "कोन गेला वो, कोन गेला?" सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात. मंगली मात्र नाव घेत नाही. अगदी शेवटी, लोक उचलायला उठले की नाव घेते, आणि मग सगळं आंगण एका तोंडानं म्हणतं, "आमचा गेला वो, आमचा गेला." तेवढं झालं की माणूस गावाचा म्हणून गेला. या गाण्याचा एकच नेम आहे. मयत समोर असल्याशिवाय ते गायचं नाही. रिकाम्या आंगणात गायलं तर दुसरं मयत येतं, असं गाव मानतं आणि मंगलीही मानते.

पहिल्यांदा ती गायली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नवरा दसरू झाडावरून पडून गेला. गाणारी म्हातारी आजारी, आता कोण गाईल म्हणून बाया एकमेकींकडं बघत होत्या, तेवढ्यात मंगलीनंच तोंड उघडलं. मांडीवर वर्षाचा भूपेंद्र होता. त्या दिवसापासून ते काम तिच्याकडं आलं ते आलंच.

भूपेंद्रला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. सांधे दुखायला लागले की पोरगा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचा, आणि मंगली गरम पाण्याचं फडकं घेऊन रात्रंदिवस बसायची. सरकारी गोळ्या झाल्या, गावदेवाला कोंबडा झाला, सगळं झालं. मोठेपणी लग्न झालं, सून संध्या चांगली मिळाली. आणि मग कुणीतरी त्याला चिचगडला रविवारच्या प्रार्थनेला नेलं. तिथं उदाराम नावाचा पास्टर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा. भूपेंद्र म्हणायचा, दुखणं जात नाही, पण एकटं वाटत नाही. नवराबायको दोघं येशूचे विश्वासी झाले. गावदेवाच्या पूजेला घरटी पायलीभर तांदूळ जातो, तो त्यानं देणं बंद केलं.

गाव बैठकीला बसलं. गावाचा पुढारी चैतराम. हा माणूस मनानं वाईट नाही, पण एकदा बोलला की शब्द गिळायचा नाही. तो म्हणाला, "ज्यानं गावाचा देव सोडला, त्याले गाव आमचा नाही म्हनाचा. मेला तरी नाही."

खरं तर आईनं तिथं भांडायला हवं होतं. पण मंगलीचा स्वभाव! घरी येऊन तिनं सगळा राग पोरावरच काढला. "आयकलं का? तुया बापाले मी गाऊन पोचवलं. तू मेला तरी मी तोंड नाही उघडाची, आताच सांगून ठेवतो!"

झाडीपट्टीतली बाई रागात अशीच बोलते, स्वतःला 'सांगतो' म्हणते. भूपेंद्रला हसू आलं. खाटेवरूनच म्हणाला, "नको उघडू, माय. पन नाव तेवढं घेजो."

पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता. गोंदियाहून प्रार्थनेची माणसं आली, त्यांनी हिंदी गाणी म्हटली, मयताची पेटी आणली. गावातल्या बाया कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. आत कुणी आलं नाही, पण नजरा सगळ्यांच्या मंगलीवर. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून. गाणं गळ्याशी येऊन ठेपलं होतं. चैतराम सडकेवर उभा होता. लोक उठले, पोराला घेऊन गेले, आणि मंगलीनं तोंड उघडलं नाही.

बारा गावांतल्या परक्यांना गाणारी बाई पोटच्या पोराला मुकी राहिली. दोष कुणाचा म्हणाल तर गावाचा आहे, तिचाही आहे, आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यानंतरही मयतं होत राहिली, ती गातही राहिली. घरी आली की मात्र आंगणात बसवत नसे. नाव घ्यायचं राहिलं होतं, आणि आता घ्यायला समोर मयत नव्हतं.

चार वर्षांनी मोह टपकायच्या दिवसांत उदाराम पास्टरच्या मंडळींनी येशूवर गाण्यांचा सिनेमा काढायला घेतला. सगळा घरचाच कारभार. फुलचूरची चेतना नावाची पोरगी, संगीत शिकवायची, तिनं गाणी बसवली होती. येशू झाला होता चिचगडचा विक्की, मोबाईलच्या दुकानातला. दाढी लावलेली, केस मात्र स्वतःचे. मंगलीच्या गावामागच्या टेकडीवर क्रूस उभा केला. सगळं झालं, पण पोराला मांडीवर घेऊन रडणाऱ्या आईचं गाणं काही जमेना. चेतना गोड गायची, आणि तिथंच घोडं अडत होतं. संध्या मंडळींना जेवण वाढत होती. ती हळूच म्हणाली, "माह्या सासूले विचारून पाहा."

मंगलीनं आधी साफ नाही म्हटलं. "तुमच्या देवाले मी कायले गाऊ? माहा काय संबंध?"

"मावशी, देव म्हणून नका गाऊ," चेतना म्हणाली. "कुणाचा तरी मुलगा मेलाय, एवढंच समजा. तुमच्यासमोर ठेवू आपण त्याला."

"समोर ठेवसान?" मंगलीनं विचारलं. "मयत?"

"मयतच. विक्की अजिबात हलणार नाही."

मंगली उठली, हात धुतले आणि टेकडी चढायला लागली.

विक्कीला पांढऱ्या धोतरात ठेवलं होतं. हातांवर लाल रंग, डोळे मिटलेले. मंगली उशाशी बसली. कॅमेरा कुठं आहे हे तिनं विचारलंसुद्धा नाही. भोवती प्रार्थनेच्या बाया बसवल्या होत्या, त्यांना चेतनानं संध्याकडून ऐकून 'कोन गेला वो' शिकवून ठेवलं होतं. मंगलीनं विक्कीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि सुरू केलं.

"आंगनात चप्पल उलटी पडली..."

"कोन गेला वो, कोन गेला?"

"खाटेचा सुंब ढिला झाला, गुडघे घेऊन निजत होता..."

"कोन गेला वो, कोन गेला?"

"ज्याच्या मयताले माय तोंड दाबून बसली..."

बाया विचारायचं विसरल्या, रडायलाच लागल्या. उदाराम पास्टरनं गुडघे टेकले. शेवटी 'येशू' म्हणायचं, असं मंगलीला चारदा सांगितलेलं होतं. तिनं विक्कीच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "भूपेंद्र गेला वो, माहा भूपेंद्र गेला!"

संध्या ताटं टाकून झाडामागं गेली. 'आमचा गेला' म्हणायला तिथं कुणी नव्हतं, त्या बायांना ते शिकवलंच नव्हतं. थोड्या वेळानं चेतना जवळ येऊन बसली. "मावशी, फक्त शेवटची ओळ एकदा परत घेऊ? नावापुरती?"

"एका मयताले दोनदा गात नसते, बाई," मंगली म्हणाली आणि टेकडी उतरली.

नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी गावच्या समाजमंदिरात सिनेमा दाखवला. खिडक्यांना धान वाळवायच्या ताडपत्र्या लावून अंधार केला होता. पुढं प्रार्थनेची मंडळी, मागं सगळं गाव. मागचं कुणी येशूसाठी आलं नव्हतं. आपली मंगली सिनेमात आहे म्हणून आले होते. मंगली मधोमध बसली. ती एकाच गोष्टीची वाट बघत होती. टेकडीवर 'आमचा' म्हणायला कुणी नव्हतं, पण आज गाव बसलं होतं. पडद्यावर का होईना, मयत समोर होतं. तिनं घेतलेलं नाव ऐकून गाव काय म्हणतं?

पहिल्याच गाण्याला मागून आवाज आला, "अरे, हा तं रिचार्जवाला विक्की होय!" सगळे हसले. पुढचे लोक वळून शूः शूः करायला लागले. विक्की पाण्यावरून चालला तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग त्याला फटके मारायला लागले तसं हसू थांबलं. एक म्हातारी उठून ओरडली, "पुरे करा ना रे मुर्दाडहो, लेकरू आहे ते!" पुढं प्रार्थनेच्या बाया हात जोडून पुटपुटत होत्या.

"इतका देव होता तं मार काऊन खाल्ला?" मागून एकानं विचारलं.

"आमच्यासाठी खाल्ला," पुढून उत्तर आलं.

दाराशी उभा असलेला चैतराम पडद्याकडं बघत होता.

आणि मंगलीचा आवाज आला. उलटी पडलेली चप्पल आली, आणि मागच्या बायांनी कुणी न सांगता विचारलं, "कोन गेला वो, कोन गेला?" पडद्याला विचारलं! पुढचे लोक चमकून मागं बघायला लागले. खाटेचा सुंब आला. बायांचा आवाज बसला, कारण ती खाट सगळ्यांनी पाहिलेली होती. ज्याच्या मयताले माय तोंड दाबून बसली, असं मंगली पडद्यावरून म्हणाली, तेव्हा गावातली प्रत्येक बाई समजली. सगळ्यांनी मिळून विचारलं, "कोन गेला वो, कोन गेला?"

मंगली इथं, खाली, गावाकडं कान लावून बसली होती.

पडद्यावर उजेड झाला. ढोलक वाजलं, बासरी वाजली, दगड सरकला आणि विक्की पांढऱ्या कपड्यांत हसत बाहेर आला. 'उठला, उठला' असं गाणं सुरू झालं. पुढची मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. त्यांचा आनंद खोटा नव्हता. मागच्या बाया तोंड उघडं ठेवून तशाच बसल्या होत्या. त्यांनी विचारलेलं होतं, आणि उत्तर आलंच नव्हतं. चैतराम दारातून निघून गेला होता.

बाहेर उदाराम पास्टरनं तिला गाठलं. "मावशी, प्रभू के गाने में दुसऱ्याचं नाव ठेवता येत नाही. मी बहुत सोचा. माफ करा." तो माणूस खरंच वरमला होता, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरही होतं. मंगलीनं मान हलवली.

घरी जाताना तिनं सुनेला विचारलं, "तुमचा तं तिसऱ्या दिवशी उठला. माहा काऊन नाही उठला वो?"

"उठन, माय. शेवटच्या दिवशी सगळेच उठतीन."

"तोवर मी कोनत्या नावानं हाक मारू? नाव तं तुमी बी कापलं." हे तिनं रागानं म्हटलं नाही. तिच्यात राग उरलाच नव्हता, आणि तेच संध्याला जास्त लागलं.

श्रावणात, धानाची रोवणी आटोपत आली असताना, चैतरामची म्हातारी बायको गेली. पंचाहत्तरीची बाई, भरल्या घरातून गेली. मंगलीला बोलावणं आलं. आंगणात सगळं गाव. संध्या सोबत आली होती, पण कुंपणाच्या बाहेरच थांबली. ती विश्वासी, तिला आत जागा नव्हती.

मंगली उशाशी बसली. म्हातारीची पानाची चंची काढली, तिनं जगवलेली कालवड काढली, सुनांशी केलेली भांडणं काढली. बाया विचारत होत्या, "कोन गेली वो, कोन गेली?" लोक उचलायला उठले. मंगलीनं म्हातारीच्या पांढऱ्या कापडावर हात ठेवला आणि नावासाठी तोंड उघडलं.

"भूपेंद्र गेला वो, माहा भूपेंद्र गेला!"

आंगण गार पडलं. मेलेल्या बाईच्या उशाशी दुसऱ्याचं नाव घेणं म्हणजे केवढा अपशकुन! मंगलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. सुना एकमेकींकडं बघायला लागल्या, म्हातारीचा थोरला लेक पुढं सरसावला.

चैतराम बायकोच्या पायांशी उभा होता. या गाण्यात पुरुष कधी पहिला बोलत नाही. तो बघत राहिला, आधी बायकोकडं, मग मंगलीकडं. मग त्याचा आवाज आला, फाटका, सूर नसलेला.

"आमचा गेला वो. आमचा गेला."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग एक बाई म्हणाली, मग दुसरी, मग आख्खं आंगण. "आमचा गेला वो, आमचा गेला." कुंपणाबाहेर संध्या होती तिथंच मातीत बसली.

"आता माह्या म्हातारीचं घेजो," चैतराम म्हणाला. "तिले घाई नाही. बसून घे थोडी."

पण मंगलीच्यानं घेववेना. पाच वर्षं कोंडलेलं रडू आता सुटलं होतं. शेवटी म्हातारीचं नाव चैतरामनंच घेतलं.