मामेसासरे आणि सायगॉनचे चोर

आग्नेय आशियातल्या कुठल्याही मोठ्या शहरात परका माणूस किती प्रकारे लुबाडला जाऊ शकतो, याचं आमच्या मामेसासऱ्यांइतकं ज्ञान खुद्द तिथल्या चोरांनाही नसेल. हिचे हे मामा राहतात अमेरिकेत, प्लेनोत. नोकरीत होते तेव्हा चिप बनवणाऱ्या एका कंपनीनं त्यांना मनिला, जकार्ता, बँकॉक, सायगॉन असं सारखं फिरवलं. तिथले कारखाने कसे आहेत असं विचारलं तर मामा दोन वाक्यांत आटपतात. पण तिथल्या फुटपाथवर फोन कुठल्या हातात धरावा हा विषय निघाला, की पानातली पोळी वाळते. हो ची मिन्ह सिटी हे नाव ते घेत नाहीत. "सायगॉन म्हणायचं, जावईबापू," असं मला सांगतात, आणि ते अशा सुरात की गाव त्यांच्या आजोळचं असावं.

भारतात जाताना कुणी वाटेत बँकॉकला थांबणार अशी नुसती कुणकुण लागायचा अवकाश, मामा त्याच्या घरी हजर. सॅक पाठीवर नाही, पोटावर. पर्स रस्त्याच्या बाजूला नाही, भिंतीच्या बाजूला. फोन बघायचाच असेल तर आधी दुकानात शिरायचं. आज देऊळ बंद आहे असं सांगणारा रिक्षावाला भेटला, तर समजायचं की देऊळ उघडं आहे आणि त्याच्या मेव्हण्याचं खड्यांचं दुकानही उघडं आहे. फुटपाथवरचं घड्याळ, चष्मा, छत्री, काही म्हणजे काही विकत घ्यायचं नाही. माझा एक चुलतभाऊ लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मनिलाला निघाला होता. मामांनी त्या दोघांना आमच्याच सोफ्यावर बसवून सगळी दुपार उपदेश केला. परिणाम असा झाला, की त्यांनी अख्खा हनिमून हॉटेलात काढला आणि येताना स्विमिंग पूलचे फोटो घेऊन आले. "खूप सेफ वाटलं," असं ती नवी सून म्हणाली. मामांना ती दाद वाटली.

बरं, माणूस सायगॉनच्या बाबतीत सावध असेल तर आपण समजू शकतो. हे गृहस्थ प्लेनोतही त्याच तयारीनं वावरत. इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर घ्यायला गेले तरी झोळी पोटावर. खिशात दोन पाकिटं. एक खरं आणि एक चोराचं. चोराच्या पाकिटात लायब्ररीचं जुनं कार्ड, कुठल्याशा दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी आणि किरकोळ नोटा. कुणी सुरा दाखवला तर हसतमुखानं हे पाकीट पुढे करायचं. गेल्या कित्येक वर्षांत मामांना सुरा कुणी दाखवला नाही, पण काउंटरवर चुकून चोराचं पाकीट काढून ते अनेकदा फजित झाले आहेत. आता प्लेनोत पाकीट मारायचं म्हटलं तरी मारणारा येणार कुठून? रस्त्यावर माणूस असेल तर ना. आमच्याकडे घरं एवढाली, की नवरा-बायको एकमेकांना जेवायला फोन करून बोलावतात. अंगणातल्या पेटीतलं टपाल आणायला गाडी काढणारे लोक मी पाहिले आहेत. पायी चालताना कुणी दिसलाच, तर गाडी थांबवून लोक विचारतात, सगळं ठीक आहे ना. आजूबाजूच्या घरांत बंदुका किती असतील हा प्रश्न आम्ही दिवाळीच्या पार्टीत कधी काढत नाही. मनिलाचा रिक्षावाला मीटर टाकत नाही, याची मात्र आम्हा सगळ्यांना फार काळजी.

त्या दिवाळीच्या पार्टीतच मामा रस्ता ओलांडायचं शिक्षण देत. सायगॉनच्या रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा वाहत असतो आणि तो कधी थांबत नाही, म्हणून ओलांडायचं एक शास्त्र आहे. हॉलमधलं फर्निचर भिंतीला लागे. सगळ्या पोरांना सायकली, स्कूटर, रोलर स्केट्स, जे असेल त्यावर बसवून मामा इकडून तिकडे सोडत आणि आम्हा मोठ्यांना फराळाच्या बश्यांसकट पलीकडे जायला लावत. "थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर वळायचंच नाही. एका चालीनं चालत राहायचं. ते आपल्याला चुकवतात." एका वर्षी नागपूरचे एक सर्जन मध्येच थांबले आणि चकल्यांसह खाली बसले. ज्या मुलीनं त्यांना स्कूटर धडकवली, ती म्हणाली, "आजोबा, ही स्टॉप्ड! नॉट माय फॉल्ट." मामा म्हणाले, बरोबर आहे पोरीचं.

या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी एक घड्याळ होतं. लग्नात मामांना त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं, सोनेरी पट्ट्याचं. मामींचे वडील, म्हणजे दादा, शाळामास्तर. त्यांनी ते कसं घेतलं असेल हे मामींना ठाऊक होतं, त्यामुळे त्या घड्याळाला घरात जवळजवळ सासऱ्यांइतकाच मान. ते सायगॉनला गेलं. स्कूटरवरून दोघं आले, मागच्यानं मनगटाला हिसका दिला, मामांनी झटापट केली, थोडे फरपटत गेले, पण पट्टा तुटला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की फरपटत जाण्याचं अंतर दर दिवाळीला कसं वाढत गेलं हे मी सांगू शकतो. मामींनी मात्र ती एकदाच ऐकली आणि मनावर घेतली. जिवावरचं घड्याळावर निभावलं म्हणून त्यांनी मारुतीचा शनिवार धरला, तो आजतागायत. दर शनिवारी साबुदाण्याची खिचडी. ती मामाही चवीनं खात, वर लिंबू पिळून.

मग मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी शेजाऱ्याची टपालपेटी आडवी झाली, मग डॉक्टरांनी सांगितलं, आणि शेवटी मामांनी स्वतःच किल्ली मामींच्या हातात दिली. प्लेनोत गाडी गेली म्हणजे पाय गेले. रेल्वे आहे म्हणतात, पण स्टेशनवर जायलाही गाडी लागते. मामी गाडी चालवतात ती ग्रोसरी आणि देऊळ एवढीच, हायवेला हात जोडतात. ग्रोसरी तर मामांच्या घरासमोर, दिसते सुद्धा. पण मध्ये सहा लेनचा रस्ता. ज्या माणसानं सायगॉन ओलांडलं तो खिडकीत बसून कोथिंबिरीचं दुकान बघत राहिला. कुणाकडे जायचं तर राइड मागायची, आणि मागणं त्या माणसाच्या स्वभावात नाही. त्यांच्या दिवाळीतल्या शिकवण्या बंद झाल्या. आम्ही जाऊन बसलो की तेच विचारायचे, "येताना रस्त्यात कुणी दिसलं का?"

त्यांची मुलगी केतकी सायगॉनलाच शाळेत शिकवते. तिनं मागच्या वर्षी धोशा लावला. "बाबा, तुम्ही दोघं इथेच या ना. खाली उतरलं की भाजी, कॉफी, डॉक्टर, सगळं वॉकिंगवर आहे. गाडी लागतच नाही." मामांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता हे चप्पल घालतात. पण मामी ठाम. "मी नाही येणार. तिथं पर्स ओढतात, तुम्हीच सांगितलंय. फोन काढता येत नाही, तुम्हीच सांगितलंय. धट्टेकट्टे होतात तेव्हा फरपटत नेलं तुम्हाला, आता तर दिसतही नाही." मामांनी जे जे म्हणून शिकवलं होतं ते मामींना तोंडपाठ होतं. इतकी हुशार विद्यार्थिनी त्यांना दुसरी लाभली नव्हती. केतकी तिथं एवढी वर्षं राहतेय ना, असं ही म्हणाली, तर मामी म्हणाल्या, "म्हणून तर शनिवार सोडत नाही मी."

एकदा मी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. हायवेवर ते एकदम म्हणाले, "जावईबापू, घड्याळ चोरीला नव्हतं गेलं."

मी गाडी लेनमध्ये ठेवली, एवढंच.

"सेफ राहावं म्हणून हॉटेलच्या तिजोरीत ठेवलं आणि तिथंच विसरलो. विमानात बसल्यावर आठवलं. घरी पोचलो तर हिनं पहिलं मनगट बघितलं. मास्तरांचं घड्याळ विसरलो असं कसं सांगू? तोंडातून स्कूटर निघाली."

"मग हॉटेलला फोन करायचा ना."

"आणि घड्याळ टपालानं परत आलं असतं, तर चोर कुठून आणला असता?"

मला हसू आवरेना. यांना कुणी कधी लुटलंच नव्हतं. मनिलात नाही, जकार्तात नाही, कुठेच नाही. एका थापेला टेकू म्हणून दुसरी, तिला टेकू म्हणून तिसरी, असं करत या गृहस्थानं अर्ध्या आशिया खंडाला चोर ठरवलं होतं आणि आम्ही त्यांच्या हॉलमध्ये चकल्या सांभाळत रस्ता ओलांडत होतो. मामा मात्र हसत नव्हते. "रोज संध्याकाळी काम संपलं की मी पायी भटकायचो हो," ते म्हणाले. "बुटक्या स्टुलावर बसून कॉफी प्यायचो. लोक बघायचो. आता शेवटचं थोडं दिसतंय, तेवढ्यात परत बघावं असं वाटतं. पण मीच तिला इतकी घाबरवून ठेवलीय."

मामींना खरं सांगा, असं मी म्हणालो. दुसऱ्याचा संसार पणाला लावून सल्ला देणं सोपं असतं.

शनिवारी आम्ही दोघं तिथे होतो. मामींची खिचडी होईपर्यंत मामा थांबले आणि मग त्यांनी सांगितलं. मामींना आधी खरंच वाटेना. "जायचंय म्हणून आता चोरालाही साधू करायला निघालात." मग मामांनी तिजोरीचं सांगितलं, आणि मामींचा विश्वास तत्काळ बसला. त्या म्हणाल्या, "झटापट केलीत हे मला कधी पटलं नव्हतं. हे मात्र तुम्हीच." एवढं बोलून त्या उठल्या, कढई घासायला लागल्या. मामा बसल्या जागी खिचडीतले दाणे वेचत होते. नळ बंद करून मामी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझे शनिवार." आणि पुन्हा नळ सोडला. ही माझ्याकडे अशी बघत होती, की जणू घड्याळ मीच विसरलो होतो.

पुढच्या शनिवारी भीत भीत गेलो. टेबलावर मामींच्या पानात गरम भात, आमटी आणि भरली वांगी. मामांच्या पुढ्यात एक केळं.

"उरलेले शनिवार आता हे करणार," मामी म्हणाल्या.

"आणि खिचडी?" मी विचारलं.

"खिचडी खाऊन कुठे उपवास होतो का?" हे मत त्यांनी आठवड्याभरात बनवलं होतं. वांग्याला दाद देत त्यांनी पुढचं सांगितलं, "केतकीला म्हणावं, तिकिटं काढ. पण मी फिरायला येत नाहीये. त्या हॉटेलात जाऊन मी दादांचं घड्याळ विचारणार आहे." मामांनी केळं खाली ठेवलं. मग मामींनीच त्यांना ते सोलून दिलं.

मीच त्यांना विमानतळावर सोडलं. चोराचं पाकीट मामांनी माझ्या स्वाधीन केलं. ते तिथं लागणार नाही, म्हणाले. केतकीकडून कळलं ते असं, की मामींनी पहिल्या दिवशी हॉटेल गाठलं. हॉटेल नव्हतंच. तिथं मोठी काचेची इमारत उभी होती. मामी तिच्यासमोर फुटपाथवर बराच वेळ उभ्या राहिल्या. दादांना मी काय सांगू, असं म्हणून थोड्या रडल्या. दादांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मग डोळे पुसून त्यांनी त्याच फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून मोठ्ठ्या आकड्यांचं एक घड्याळ घेतलं आणि भर रस्त्यात मामांच्या मनगटावर बांधलं. "नकली आहे गं ते," मामा म्हणाले. "बरंय," मामी म्हणाल्या, "कुणी नेणार नाही." आणि त्यांचा हात धरून त्या लोंढ्यात उतरल्या. थांबल्या नाहीत, पळाल्या नाहीत. विद्यार्थिनी हुशार, हे मी म्हटलंच आहे.

तीन महिन्यांसाठी गेलेली माणसं अजून परत आलेली नाहीत. मामांचं घर बंद आहे. टपाल काढायला मी जातो, गाडीनंच. यंदा दिवाळी आमच्याकडे झाली. हॉलमध्ये फर्निचर जागच्या जागी होतं, पोरं आपापल्या फोनमध्ये होती, सगळे फार सुरक्षितपणे जेवले. मला मामांची आठवण आली आणि ती जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला. मागे हॉर्नचा कल्लोळ चालला होता. मामा खालीच बसले होते, बुटक्या स्टुलावर, कॉफी घेऊन. सकाळ होती त्यांच्याकडे.

"किती वाजले मामा तिथं?" मी सहज विचारलं.

मग फोन जरा बाजूला गेला आणि त्यांचा आवाज ऐकू आला, "किती वाजले गं?"

मामींनी सांगितलं. मामांनी तेच मला सांगितलं. हातातल्या घड्याळाच्या मोठ्ठ्या आकड्यांबद्दल मी काही विचारलं नाही.

"तुम्ही सांभाळून राहा हं, जावईबापू," ते म्हणाले. "समोरच्या दुकानात पायी जाऊ नका. तिथं कुणी चुकवत नाही."