दादाची टेप पुसली जाईना

माणूस गेल्यावर त्याची टेप कुणी पुसायची?

हा प्रश्न मी ऑफिसात सगळ्यांना विचारला. बागची साहेबांना विचारला, त्यांनी चष्मा पुसला. निताईदाला विचारला, त्याला एकदम एक फोन आठवला. हरिपददाला विचारला, तो म्हणाला, "भात खाल्लास का?" मग मीही विचारायचं सोडलं.

पण त्या टेपचं सांगायचं तर आधीचं थोडं सांगायला लागेल. आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते कार्डांना भोकं पाडणाऱ्या मशीनखालच्या कागदाच्या कपच्यांसारखे. कितीही झाडा, पायाशी असतातच. चहात पडतात, केसांत अडकतात, घरी आल्यावर आईला माझ्या बनियनमध्ये सापडतात.

आम्ही कलकत्त्याचे मराठी. वडील रेल्वेत होते, बदली होऊन आले आणि इथेच राहिले, मग इथेच गेले. दादा शिकला. मी सातवीत मास्तरांच्या हातातली छडी मोडली आणि परत शाळेत गेलोच नाही. दादा म्हणजे वसंत; बंगाल्यांच्या तोंडी बसंतदा. डलहौसीतल्या आमच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरवर ऑपरेटर होता. कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खा हॉल, आणि आत एवढी थंडी की भर वैशाखात स्वेटर लागतो. त्याने साहेबांच्या मागे लागून मला टेपच्या खोलीत चिकटवलं. टेपची चाकं रॅकवरून काढायची, मशीनवर चढवायची, काम झालं की परत ठेवायची. मी म्हटलं, मला वाचायचा कंटाळा आहे. दादा म्हणाला, "वाचतं ते मशीन. तू फक्त चढव."

दर शनिवारी जुन्या फाइली पुसून जागा मोकळी करणारा एक प्रोग्राम चालायचा. त्याला आम्ही झाडू म्हणायचो. जी फाइल झाडूला पुसता येत नसे तिचं नाव तो ऑपरेटरसमोरच्या टाइपरायटरवर खडखड छापायचा आणि थांबून राहायचा. ते निस्तरायचं काम दादाचं. तो कधी घाईत नसे. खुर्ची ओढायचा आणि म्हणायचा, "पुसली जात नाही ना? मग आधी बघू, कोण धरून बसलंय." निताईदा त्याच्या हाताखालचा ऑपरेटर. तो हे ऐकून ऐकून बंगालीत म्हणायला लागला, "के धोरे आछे?" कोणी धरलंय? पुढे पुढे बसमध्ये सीट मिळाली नाही तरी तो हेच म्हणायचा.

*

एका शनिवारी झाडू अडला. मशीन म्हणे, या फाइलमध्ये आत्ता कुणीतरी लिहितंय, मी पुसणार नाही. लिहीत तर कुणीच नव्हतं. निताईदाने एकेक करून सगळे प्रोग्राम बंद केले, तरी मशीनचं तेच पालुपद.

आमच्या घरचा रेडिओ अडला की मी त्याला एक दणका देतो, तो चालतो. मी इथेही दिला. साहेबांनी काचेपलीकडून पाहिलं. दादाने माझं मनगट धरून मला स्टुलावर बसवलं आणि निताईदाला विचारलं, या आठवड्यात लोडशेडिंग कधी झालं होतं?

तसंच निघालं. एक प्रोग्राम त्या फाइलमध्ये लिहीत असताना लाइट गेली. प्रोग्राम तिथल्या तिथे मेला. फाइल बंद करायला कुणी उरलंच नाही, त्यामुळे मशीनच्या लेखी तो अजून लिहीतच होता.

दादाने चार-पाच कार्डं पंच केली. त्या कार्डांनी ती फाइल उघडली आणि नीट बंद केली. झाडू पुढे सरकला.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," दादा म्हणाला. "कुणीतरी जाऊन संपलं म्हणावं लागतं. मशीनला आपलं आपण कळत नाही."

*

विश्वकर्मा पूजेला इकडे सगळी कामं बंद असतात आणि लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. आमचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. हरिपददा टेपच्या खोलीचा मुख्य, म्हातारा, फार श्रद्धाळू. त्याला हॉलमध्ये धूप पेटवायचा होता. दादाने हात जोडून सांगितलं की धूर आत शिरला तर एक टेप धड वाचली जाणार नाही.

शेवटी तडजोड झाली. मशीनच्या वतीने एक डिस्क बाहेर येणार. ही डिस्क म्हणजे केकच्या मोठ्या डब्यासारखी दिसते, वर मूठ असते. हरिपददाने ती व्हरांड्यात मूर्तीशेजारी पाटावर बसवली. झाकणाला शेंदूर लावला, मुठीला झेंडूची माळ घातली.

त्या वर्षी पूजा शुक्रवारी आली. शनिवारी झाडू चालू केला तर तो म्हणे डिस्क सापडत नाही, तिच्यावरच्या फाइली कशा पुसू? साहेब स्वतः व्हरांड्यात गेले. हरिपददा आडवा उभा. विसर्जनाआधी देव उठवायचा नाही, आणि विसर्जन रविवारी.

साहेब म्हणाले, "म्हणजे रविवारी डिस्कपण गंगेत सोडणार?"

"छे, छे," हरिपददा म्हणाला. "मूर्ती सोडू. डिस्कला फक्त पाणी दाखवून आणू."

फाइली का पुसल्या नाहीत याचं कारण दर आठवड्याला लेखी द्यावं लागे. दादाने स्वच्छ इंग्रजीत टाइप केलं: डिस्क पूजेला बसली आहे. साहेबांनी त्यावर सही केली.

*

साहेबांचाही नंबर लागला. एक भलीमोठी फाइल दर शनिवारी अडायची. तिला गुप्त शब्दाचं कुलूप होतं, तो शब्द दिल्याशिवाय मशीन हात लावू देईना. साहेब प्रत्येकाला फैलावर घ्यायचे, असलं कुलूप लावणारा बेजबाबदार माणूस कोण? दादा मान खाली घालून ऐकायचा. फाइल साहेबांचीच होती, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

एक दिवस साहेब जेवायला गेले तेव्हा दादा टाइपरायटरपाशी बसला, पाच इंग्रजी अक्षरं दाबली, फाइल गेली. निताईदाचा आ वासलेला.

"कोणता शब्द?"

"इलिश."

इलिश म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण असलेला मासा. दादाचं म्हणणं असं, की जो माणूस रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी इलिशचा भाव विचारतो, तो दुसरं काय लिहिणार? आणि विचारायचा कुणाला, तर आम्हाला. आम्ही मासे खात नाही.

*

आता कड्याचं सांगतो. टेपच्या चाकाच्या मागच्या बाजूला एक खाच असते. त्या खाचेत प्लॅस्टिकचं कडं बसवलं तरच मशीन त्या टेपवर लिहितं किंवा पुसतं. कडं काढून घेतलं की टेप नुसती वाचता येते, झाडूचा बापही तिला हात लावू शकत नाही. टेप जपायची असेल तर कडं काढायचं, हा पहिला धडा.

काढलेली कडी ठेवायला डबा होता, पण दादाला उठायचा आळस. तो ती मनगटात घालायचा. संध्याकाळी कधी कधी कोपरापर्यंत भरलेला असायचा हात. एकदा तसाच बसमधून घरी आला. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "सूनबाई आणायला पाठवलं, तर हा स्वतःच बांगड्या भरून आला."

शेजारच्या घोषकाकू वरून बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी आईला हळूच विचारलं, तुमच्यात पुरुषांनी घालायची पद्धत आहे का? आईने सांगून टाकलं, हो, लग्न ठरेपर्यंत.

हॉस्पिटलात भरती केलं तेव्हाही त्याच्या हातात एक कडं होतं. कावीळ आहे, पथ्य पाळा, बरं वाटेल, असं म्हणता म्हणता तो गेला. नर्सने घड्याळ आणि कडं माझ्या हातात दिलं. घड्याळ आईकडे आहे. कडं मी घातलं. आंघोळीलासुद्धा काढलं नाही.

*

ज्या टेपचं ते कडं, ती टेप दादाची स्वतःची. नवीन मशीन नीट वाचतंय का हे बघायला त्याने ती बनवली होती. चढवली आणि त्याची कार्डं घातली की टाइपरायटर रोमन अक्षरांत, पण मराठीत छापायचा: बाळ्या, चहा आण.

बाळ्या म्हणजे मी. बस, एवढंच. मशीन ठीक असेल तर ओळ नीट यायची, बिघडलेलं असेल तर मध्येच तुटायची. ओळ आली की मी खाली जाऊन मातीच्या भांड्यांतून चहा आणायचा, सगळ्यांनी बाहेर व्हरांड्यात प्यायचा. हॉलमध्ये चहा न्यायची बंदी होती, आणि ती दादानेच घातलेली.

निताईदा बजबजहून लोकल पकडून येतो, त्यामुळे रोज उशीर. आल्या आल्या रुमालाने मान पुसत म्हणायचा, "बाळ्या, चहा आण." त्याला तेवढंच मराठी येतं. एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आला होता, तिथे अध्यक्षांशी ओळख करून दिल्यावर वाकून नमस्कार केला आणि तेच म्हणाला. अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी खरंच चहा मागवला.

दादा गेल्यानंतर निताईदा ते म्हणेनासा झाला. येतो, मान पुसतो, कामाला लागतो. मला वाटतं, म्हण ना रे. एकदा तरी म्हण.

*

तेव्हापासून दर शनिवारी झाडू त्या टेपवर अडू लागला. तिची मुदत संपली होती. मशीन छापायचं: कडं नाही, पुसता येत नाही. आणि थांबून राहायचं.

पहिल्या शनिवारी निताईदाने ती टेप सोडून पुढे जायचं बटण दाबलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, मशीनचा पट्टा सैल आहे. पुढच्या वेळी लिहिलं, टेपला दमट हवा लागली आहे. मग हरिपददाने सुचवलं, लिही की टेप सापडत नाही. ती माझ्या हातात होती.

नवीन ऑपरेटर आला, पोरगेला, हुशार. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने डब्यातलं दुसरं कडं काढलं आणि टेपला बसवायला गेला. मी त्याची कॉलर धरली. निताईदाने आम्हाला सोडवलं आणि त्याला चहा प्यायला खाली नेलं. काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या शनिवारी त्या पोराने स्वतःच्या हाताने कारण लिहिलं: टेप पूजेला बसली आहे.

बागची साहेबांनी सही केली.

*

मग नवीन कॉम्प्युटर यायचं ठरलं. जुन्या सगळ्या टेप कोऱ्या करून दुसऱ्या शहरातल्या ऑफिसला पाठवायच्या होत्या. रॅक रिकामे होत गेले. शेवटच्या शनिवारी झाडूने एकच नाव छापलं आणि थांबला.

कुणी बटण दाबेना. हरिपददा रिकामे रॅक पुसत बसला. साहेब काचेच्या आत आले, स्वेटर न घालता, आणि भिंतीपाशी उभे राहिले. मी टेप छातीशी धरून उभा. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, कुणी टेप मागितली असती तर दिल्याही असत्या. कुणी मागितली नाही.

निताईदाने खुर्ची ओढली. दादा ओढायचा तशीच. माझ्याकडे न बघता, टाइपरायटरकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "बाळू, के धोरे आछे?"

मी टेप तशीच, कड्याशिवाय, मशीनवर चढवली. निताईदाने खण उघडून दादाची कार्डं काढली आणि घातली. चाकं फिरली. टाइपरायटर खडखडला. ओळ नीट आली, कुठेही तुटली नाही.

बाळ्या, चहा आण.

मी खाली गेलो. सगळ्यांचा चहा आणला, एक भांडं जास्त. ते हॉलमध्ये नेलं आणि टाइपरायटरशेजारी, दादा बसायचा त्या बाजूला ठेवलं. मग टेप उतरवली, मनगटातलं कडं काढलं आणि खाचेत बसवलं.