घासाची गाय

चंपाषष्ठी शुक्रवारी आली, म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकून मैत्रिणीच्या आखाड्यावर गेले. शेतातच गुरांसाठी आणि राहण्यासाठी बांधलेल्या जागेला आमच्याकडं आखाडा म्हणतात. तिचा आखाडा झरी गावाच्या बाजूला आहे आणि त्याला लागून आणखी आठ घरं. तिच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तो लेकीकडं नांदेडला होता. दोन म्हशी, सहा शेळ्या आणि एक गाय तिच्या एकटीवर पडली होती. मला शेण काढता येतं, धार काढता येते, म्हणून तिनं मला बोलावलं. नुसतं हवापालट म्हणून बोलावलं असतं, तर त्या थंडीत मी गेले नसते.

गाय लाल कंधारी, आठ महिन्यांची गाभण. मागच्या खेपेला वासरू मेलेलं निघालं होतं. गाय आता म्हातारी व्हायला लागलेली, ही शेवटचीच खेप असं मैत्रीण धरून चालली होती. कालवड झाली तर सासूच्या काळापासून आखाड्यावर असलेली गाईची वेल पुढं चालणार होती, नाही तर संपणार होती. ती हे फार बोलून दाखवत नसे. पण गव्हाणीत कडबा टाकताना चांगल्या पेंढ्या निवडून त्या गाईपुढं जायच्या, ते मला दिसत होतं.

शनिवारी सकाळी मी कडबा घेऊन गेले, तर गाईनं तोंडसुद्धा वळवलं नाही. कान पडलेले, दात करकर वाजत होते. डावी कूस फुगून वर आली होती. वासरू उजव्या अंगाला असतं, डाव्या अंगाला नाही, एवढं मला माहेरच्या गोठ्यातून ठाऊक आहे. मी मूठ दाबली. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. शेण पातळ, आणि त्याला आंबलेल्या पिठाचा वास.

मी मैत्रिणीला हाक मारली. तिनं बघितलं आणि लगेच फोन लावला.

गुरांचे डॉक्टर चारठाण्याच्या पुढं एका गावात होते. त्यांनी एकच विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

"नैवेद्य," मैत्रीण म्हणाली. "पुरणाची पोळी, रोडगा."

"किती?"

"एक पोळी घातली मी. एक रोडगा."

"एका पोळीनं असं होत नाही, ताई. नीट विचारून घ्या. पाच-दहा असतील तर खायचा सोडा पाण्यात कालवून पाजा, मी संध्याकाळी येतो. पाटीभर असेल तर इथलं काम टाकून आत्ता निघावं लागेल. पोट धुवायला उशीर झाला तर गाय जाईल, वासरूही जाईल. पण इथंही एक म्हैस अडलीय. उगाच पळवू नका मला."

आता त्या वस्तीची रीत सांगते. चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवायचा, मग गाईला घास, मग माणसांनी जेवायचं. बाकी सगळ्या घरांत म्हशी आणि शेळ्या. गाय एकच. आणि गाभण गाईला घास घातला तर जास्त लाभतो, असं सगळ्यांच्या मनात. काल दुपारभर बायका डोक्यावर पदर घेऊन ताट झाकून येत होत्या. मैत्रीण तेव्हा मळ्यात पाणी द्यायला गेली होती, कारण लाइट दुपारीच होती.

मी आठही घरी गेले. पायात चपला घालायचंही राहिलं.

"आमी एकच पोळी घातली," पहिलीनं सांगितलं.

"एकच. देवाशपथ," दुसरीनं.

तिसऱ्या घरी सासू म्हणाली एक, आणि मागून सून म्हणाली, "अन् मी एक घातली की, आत्याबाई. तुमी नव्हत्या तवा." सासूनं तिच्याकडं असं बघितलं की सून चुलीकडं वळली.

शेवटच्या घरी एक म्हातारी राहते. वस्तीत तिचा शब्द चालतो. ती भडकलीच. "म्हंजे आमी गाईला जहर घातलं म्हन्तीस? देवाचं खाऊन कुनी मरायलंय का? शहरात राहून लय शानी झालीस तू."

सगळ्या एकेकच सांगत होत्या. कुणाच्याच डोळ्यांत मला ते खरं दिसत नव्हतं. आणि त्यांना मी तरी कुठल्या तोंडानं दटावणार होते? माझ्या कॉलनीतही गाय नाही. मी आखाड्यावर निघालेय म्हटल्यावर शेजारच्या तिघींनी आपापले डबे दिले होते. जाताच आहात तर आमचाही घास घाला. माझा धरून चार डबे. शुक्रवारी आल्या आल्या मी ते सगळे गाईपुढं उपडे केले, डबे हौदावर धुतले आणि पिशवीत ठेवले. सकाळपासून मी दुसऱ्यांचे घास मोजत फिरत होते, पण स्वतःचे मोजायचं टाळत होते.

मी परत आले तेव्हा बायका माझ्या मागोमाग गोठ्यापाशी जमल्या होत्या. गाय खाली बसली होती आणि मान कुशीकडं वळवून कण्हत होती. डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. मैत्रिणीनं फोन स्पीकरवर टाकला.

"किती, ताई? मी निघू का नको?"

बायका पदर सावरत राहिल्या.

"मी चार डबे घातले," मी म्हणाले. "त्यातच पंधरा पोळ्या होत्या. दहा रोडगे, डबाभर भात."

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. मग आमच्या मागून आवाज यायला लागले. आमच्या पाच. आमच्या चार, अन् लेकरानं वेगळी नेली आसंल. सुनेनं तीन सांगितल्या. शेवटी म्हातारी म्हणाली, "सात घातल्या मी. माझा नवस होता."

पोळ्या चाळीसच्या वर गेल्या. रोडगे मोजायचे आम्ही सोडून दिले.

"निघालो," डॉक्टर म्हणाले. "पाणी कोमट करून ठेवा. पिंपभर. आणि तिला उठवून उभी करा, पडू देऊ नका."

फोन बंद झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "तू सकाळीच कामून बोलली न्हाईस?"

मी गाईला उठवायला वाकले.

"पाऊन तास गेला," ती म्हणाली आणि घागर माझ्या हातात दिली. "पानी तापव."

आठ घरांच्या चुलींवर पाणी तापलं. डॉक्टर यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ चौघींनी खांदे लावून गाय उभी धरली, त्यात म्हातारीही होती. डॉक्टरांनी तोंडातून नळी घातली, पाणी आत सोडलं आणि नळी खाली धरली. आंबलेलं पिवळं पुरण भडाभडा बाहेर आलं. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. दुपार झाली तरी संपेना. वास असा की पुरणपोळीवरची माझी वासना काही दिवस उडाली.

"अहो, देवाला नैवेद्य नुसता दाखवतात ना?" हात धुताना डॉक्टर म्हणाले. "मग गाईलाही नुसता दाखवा की."

हसावं का नाही, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी सलाइन लावलं, उजव्या कुशीत मूठ ढकलून बघितलं. "वासरू आत्ता हलतंय. उद्याचं उद्या."

शनिवारचा उरलेला दिवस मैत्रीण माझ्याशी कामापुरतंच बोलली. बादली दे. दोर धर. मी म्हशींच्या धारा काढल्या, शेळ्या कोंडल्या.

रविवारी सकाळी उन्हं गोठ्यात आली तेव्हा गाय उभी होती. थोडं कोरडं गवत तिनं ओढलं होतं. दहाच्या सुमाराला तिचा जबडा हलायला लागला. आधी मला वाटलं, पुन्हा दात खातेय. पण नाही, रवंथ होता. मैत्रिणीनं उजव्या कुशीला मूठ लावली आणि डोळे मिटून उभी राहिली.

तेवढ्यात म्हातारी आली. हातात झाकलेलं ताट.

"काय ते?" मी विचारलं.

"गाय उठली म्हनं. म्हनून रोडगा केला. एकच हाय, अन् वांग्याचं भरीत. घासभर."

मी ताट तिच्या हातातून घेतलं, गोठ्याच्या दारात बसले आणि खायला लागले. म्हातारी बघत राहिली.

"आगं, गाईचं हाय ते!"

"गाईला दाखवलं," मी म्हणाले.

मागून मैत्रिणीचा आवाज आला. "हलायलंय."

ती हात पुसत बाहेर आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि ताटाकडं हात केला.

"अर्धा ठिव मला."