डावीकडचं वळण

गाडीच्या शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत, रस्त्यावरच्या खुणा ओळखताना चुकून, मी साठीला टेकताना नापास झाले. लहानपणी नापास झालं की रडता तरी येतं. या वयात नुसतं दमायला होतं. अर्धांगवायूनंतर ह्यांचा उजवा हात उचलला जात नाही. दवाखान्यात न्यायला दर वेळी शेजाऱ्यांना विनवायचं जिवावर येतं, म्हणून हा खटाटोप.

"आता नाही होत माझ्याच्यानं," घरी येऊन मी ह्यांच्या समोर बसत म्हटलं.

ह्यांनी समजूत घातली नाही. डाव्या हाताने हवेत हळूहळू त्रिकोण काढला, त्याच्या आत एक वळणारा बाण.

"ही कुठली खूण?"

"उजवीकडे वळण."

"डावीकडे. समोरून उलटं दिसतंय तुला. इकडे ये."

मी उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी त्रिकोण पुन्हा काढायला घेतला.