चक्कीसमोरचा अबॅकस

"बाजूनं ये बाप्पा, मणी मांडून हायेत," गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

माझ्या पिठाच्या चक्कीसमोर, दारापासून हातभर अंतरावर, हवेत गुरुजींचा अबॅकस टांगलेला असे. तुम्ही कधी आर्णीला आमच्या गल्लीत आला असाल आणि ज्वारीचा डबा डोक्यावर घेतलेल्या बाया माझ्या दारात उगाच वळसा घालून शिरताना पाहिल्या असतील, तर त्याचं कारण हे.

गुरुजी रिटायर झाल्यावर शेजारच्या टिनाच्या खोलीत पोरांना अबॅकस शिकवायचे. लाकडी चौकट, उभ्या तारा, तारांत मणी. पण रिकामा बसलेला मोठा माणूस दिसला तरी त्यांना राहवत नसे. एकदा चक्कीच्या झाकणावर साचलेल्या पिठात त्यांनी बोटानं रेघा ओढल्या आणि कोणाच्या तरी पिशवीतले तुरीचे दाणे मांडले.

"सगळ्यात आधी लोकायनं असेच धुळीत खडे मांडले. चौकट मांगून आली. ही रेघ एकाची, ही दहाची, ही शंभराची. आडव्या पट्टीच्या वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. पट्टीले टेकला तोच मोजायचा. चीनमंधी वर दोन अन् खाली पाच होते. जपानवाल्यायनं दोन्हीकडचा एकेक काढून टाकला. कायले पाहिजेत जास्तीचे?"

हे ते इतक्या रागानं सांगत की वाटावं, ते जास्तीचे मणी कोणी यांच्याच खोलीत आणून टाकलेत. मग गाडी पणजोबांवर येई. "तांड्यासंग शंभर बैलायवर मीठ लादून फिरत ते. जवळ हे असतं तं एक बैल हरपला नसता." त्या दिवशीचे तुरीचे दाणे एका बाईच्या पिठात दळले गेले. दुसऱ्या दिवशी ती मला भाकर दाखवायला आली.

नीट शिकून झालं की चौकट सोडायची आणि मनातले मणी बोटांनी हवेत हलवायचे, अशी ती विद्या. पोरं उत्तर आलं की हात खाली घेत. गुरुजी मात्र अर्धं गणित तसंच टांगून चहाला जात. एकदा मधून बकरी गेली. "चाळीस पाडले तिनं," म्हणत गुरुजी मटकन खाली बसले. आम्ही पोट धरून हसलो, पण बकरीवाल्यानं दुसऱ्या दिवशी तिचं दावं आखूड केलं. हळूहळू मीही वळसा घालायला लागलो. गल्लीत चिटपाखरू नसलं तरी घालायचो. लाज वाटायची, पण पाय ऐकत नसत.

दिवाळीत पुण्याहून गुरुजींचा मुलगा आला. बाप हवेत बोटं नाचवतो आणि लोक त्याला वाट देतात, हे बघून तो घाबरला. बाबांना पुण्यालाच नेतो म्हणाला. गुरुजींना जायचं नव्हतं. "पोरायचा क्लास कोण घेईन?" एवढंच ते विचारत राहिले. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं, शेजारी म्हणून मलाही नेलं.

डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात सात वजा करत जा."

गुरुजी खूश झाले. हात वर केले आणि एका दमात दोनपर्यंत उतरले. "अजून खाली जायचं का साहेब?"

मुलाचं समाधान झालं नाही. "गणिताचं नाही, डॉक्टर. काका, तुम्हीच सांगा. तुमच्या दारासमोर तुम्हाला काही दिसतं का?"

गुरुजी माझ्याकडे बघत होते. डॉक्टरही. "नाही," मी म्हणालो.

"त्याच्या डोळ्यात पीठ गेलं असन," गुरुजी हळूच म्हणाले.

आठ दिवसांत मुलगा त्यांना घेऊन गेला. मला जेवण जाईना. शेवटी चक्की बंद ठेवून मी एकटाच यवतमाळला गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, मले दिसते."

त्यांनी मला बसवलं आणि शंभरातून सात काढायला लावले. मी हात वर केले. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. पुढं काही सुचेना.

"तुमच्या गुरुजींना काही झालेलं नाही, हे मी मुलाला तेव्हाच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "त्यानं तुमचं ऐकलं." आणि मला कसल्याशा गोळ्या लिहून दिल्या.

स्टँडवरून मी पुण्याला फोन लावला. "गुरुजी, एकोणऐंशीतून सात कसे काढू?"

ते म्हणाले, "एकाच्या तारेवर नऊ हायेत ना? वरचा पाचाचा वर सरकव. खालचे दोन पाड. किती राह्यले?"

"बहात्तर."

"मंग? सोपं तं होतं."

"गुरुजी, मी तिथं खोटं बोललो."

"माहीत हाये मले. आता दोनातून सात निघत नाहीत. दहाचा एक काढ अन् इकडं तीन टाक."

एका हातात फोन, दुसरा हवेत. आर्णीची गाडी लागली आणि सुटली. लोक बघत होते. मी रडत होतो आणि मणी पाडत होतो. पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न करत दोनावर आलो.

"ते दोन हाती धरून ठेव," गुरुजी म्हणाले. "मी आलो का पुढचं पाहू."

माघात मुलाचा फोन आला, बाबा गेले म्हणून. हातातले दोन कुठं ठेवायचे, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.